बिनफोडणीची घरं

"न्हाई म्हनलं ना! हितं कुनी बी आजारी न्हाई! जावा तुमी म्हागारी!"

दारात दोन्ही हात आडवे लावून म्हातारी अशी ओरडत होती की समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या चरायच्या थांबून आमच्याकडं बघायला लागल्या. हिर्डोशीच्या पुढं, वरंधा घाटाच्या अंगाला गाडी सोडून तासभर चढल्यावर ती वाडी लागते. माझ्या नव्या बुटांनी अर्ध्या वाटेतच प्राण सोडला होता. मी डॉक्टर, आरोग्य केंद्राचा मुख्य. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात बॅग. माझ्यामागं आमची नर्सबाई, डोक्यावर भलीमोठी काळी छत्री, तीही झाडाच्या सावलीत उघडलेली.

मी म्हातारीला साथ समजावली. सरकार समजावलं. शेवटी कायदा काढला, जो मला स्वतःलाच पाठ नव्हता. म्हातारी एकेक पट्टी वर चढत गेली.

मग बाई पुढं झाल्या. छत्री मिटली, नाक जरासं वर केलं, आणि शेजारीण शेजारणीला विचारते तसं विचारलं, "आजी, कालवण काय केलंय आज?"

नळ बंद करावा तसा म्हातारीचा आवाज बंद झाला. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "मीठभात."

"आन् काल?"

"काल बी त्येच."

बाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. म्हातारीनं हात खाली घेतले. "तुमी या बाई. डाक्तर भायेरच ऱ्हाऊ द्या."

आतल्या अंधाऱ्या खोलीत दोन पोरं गोवरानं फुललेली निघाली. बाई आत, मी बाहेर शेळ्यांबरोबर. माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं त्याला अजून औषध सापडलेलं नाही. मी एमबीबीएस आहे, शोधलं असतं.

झालं होतं काय, ते सांगतो. आमच्या डोंगरी भागात पोराच्या अंगावर पुरळ आलं की तो आजार नसतो, ती माता असते, घरी आलेली पाहुणी. पाहुणी असेतोवर दाराला कडुलिंबाची डहाळी बांधायची, पोराला अंधारात निजवायचं, आणि घरात फोडणी टाकायची नाही. तेल कडकडलं, मोहरी तडतडली की पाहुणी रागावते. डॉक्टरला तर मुळीच सांगायचं नाही, डॉक्टर सुई टोचतो. आम्ही साथीत घरोघर हिंडायला लागल्यापासून लोक शहाणे झाले. दारावरची डहाळी काढून उशाखाली ठेवायला लागले, पोरं माळ्यावर चढवायला लागले. लपवता येत नव्हती ती एकच गोष्ट. फोडणी टाकायची हिंमत मात्र कुणालाच होत नसे. हे बाईंनी हेरलं होतं. त्या कुणालाही "ताप आहे का, पुरळ आहे का" असं कधी विचारत नसत. सकाळी दहाच्या सुमाराला, चुली पेटलेल्या असताना, वाडीतून छत्री घेऊन सावकाश चालत जायच्या आणि कालवणाची चौकशी करायच्या. ज्या घरी फोडणी नाही, त्या घरी चपला काढायच्या.

त्यांच्या नाकाच्या गोष्टी वेल्ह्यापासून सारोळ्यापर्यंत चालत. कामथडीत कुणी लसूण ठेचला तर बाईंना उपकेंद्रात शिंक येते, असं लोक शपथेवर सांगत. मी स्वतः एकदा बघितलंय, चालत्या एसटीतून खिडकीबाहेर नाक काढून त्या म्हणाल्या, "त्या कौलारू घरात मेथी करपली." एसटी थांबवायला वेळ नव्हता म्हणून, नाहीतर मी खात्री करून घेतली असती. मला खात्री करायची नव्हती, ती गोष्ट वेगळी. खरी निघाली असती तर?

बाई मूळच्या वेल्ह्याकडच्या. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. गाव त्यांना बाई म्हणे, आम्ही बाई म्हणत असू, आणि तालुक्याचे मोठे अधिकारीसुद्धा फोनवर आधी "बाई आहेत का?" विचारत आणि मग माझी विचारपूस करत. अंगानं सडसडीत, पायात पुरुषी चपला, दाढेत कायम एक लवंग. आणि तोंडात एक शब्द, संशयित. ताप आणि पुरळ असलेलं पोर रक्ताचा निकाल येईपर्यंत संशयित गोवर धरायचं, हा आमचा नियम. बाईंनी तो नियम साऱ्या सृष्टीला लावला होता.

"बाई, दुपारची एसटी येईल का हो?"

"संशयित हाय."

"बाई, पाऊस पडेल?"

"संशयित."

कुणीतरी मुलीसाठी आलेलं स्थळ त्यांना दाखवलं. मुलाचा फोटो लांब धरून, जवळ धरून बाई म्हणाल्या, "पोरगा लई संशयित वाटतोय. म्हाईती काढा." माहिती काढली तर त्याचं आधीच एक लग्न झालेलं निघालं. झालं, त्या गावात माझ्या स्टेथोस्कोपला पुढं कुणी विचारलं नाही.

पण खुद्द गोवराच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. पुरळ दिसलं की मी घाई करून नाव ठेवून मोकळा व्हायचो. त्या पोराचा कान हळूच पुढं वळवून मागं बघायच्या. आईला विचारायच्या, "पयलं कुठं दिसलं? कानामागं, का पोटावर?" कानामागून, केसांच्या रेषेपासून तोंडावर आणि मग खाली उतरत गेलेलं असेल तर मान हलवायच्या. खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे बघायच्या. पुरळ अजून आलेलं नसेल तर गालाच्या आत, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके शोधायच्या. आणि एक गोष्ट माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्या दार उघडून नुसत्या उभ्या राहायच्या. गोवराचं पोर उजेडाकडं पाठ करतं.

एवढं सगळं बघूनही त्या घरात कधी "गोवर" म्हणत नसत. "पाव्हणी दिसतीया," म्हणत. आणि घरातल्या म्हातारीला हळद-कुंकू लावून, तिच्याशेजारी मांडी घालून सांगत, "माता म्हंजी माताच. पर ती कुठली, ते बघाया नको व्हय? नुसतं डोळ्याला दिसतं ते संशयित. रगतात दिसलं म्हंजी खरं." रक्त काढताना पोराचा दंड धरायला म्हातारी स्वतः पुढं यायची. मग बाई जीवनसत्त्वाचं पिवळं औषध पाजायच्या, पोराला खायला-प्यायला घालायला लावायच्या, आणि दुसरा डोस दुसऱ्या दिवशी द्यायला पुन्हा तासभर चढून स्वतः जायच्या. मी म्हणालो, "बाटली देऊन या ना घरात." तर म्हणाल्या, "बाटली संशयित, साहेब. ती माळ्यावर जाती."

वाडीत नवा रुग्ण निघायचा थांबला की त्या आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर एक ओळ टाकायच्या, "वरची वाडी फोडणीला लागली." पहिल्यांदा ते वाचून तालुक्याहून मला फोन आला की हा अहवालाचा कोणता नमुना आहे, आणि तो आमच्याकडे का नाही?

आणि या बाईंच्या स्वतःच्या घरची फोडणी? अहो, ती फोडणी नव्हती, सुरुंग होता. क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. सुकी मिरची, ओंजळभर लसूण आणि कडकडतं तेल. वारा आमच्या बाजूला असला की बाहेरच्या रांगेत असा ठसका उठायचा की गुडघेदुखीला आलेल्या माणसांना मी क्षयाच्या तपासणीला पाठवायचो.

आता माझं सांगतो. मी भोरातला. आमच्या घरात तीन पिढ्या खुर्चीवर बसून गेल्या. आमचं लोकांना विचारायचं काम नसे, लोक आम्हाला विचारत. आणि इथं मला कुणी उंबरा ओलांडू देईना, तर बाईंना लोक चुलीपर्यंत नेत. मी ठरवलं, एक. फक्त एक गोवराचा रुग्ण बाईंच्या आधी मी ओळखायचा. अहवालात "कळवणाऱ्याचं नाव" या रकान्यात माझं नाव आलं पाहिजे. त्या एका ओळीसाठी मी जे जे केलं ते सांगायला लाज वाटते, म्हणून थोडं वाढवूनच सांगतो.

पहिल्यांदा मी नक्कल केली. बाई सुट्टीवर असताना एकटाच एका वाडीत गेलो, सकाळी दहाला, छत्रीही घेतली. पहिल्या घरी जाऊन गोड आवाजात विचारलं, "काय, कालवण काय केलंय आज?"

घरधनीण बावरली. आत बघून ओरडली, "आवं, डाक्तर जेवाया आल्यात! ताट वाढा!"

नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. दुसऱ्या घरी तेच. बातमी माझ्या पुढं पळत होती. तिसऱ्या घरी तर पाट मांडून तयार. सात घरं जेवलो. सातव्या घरी नाचणीची भाकरी पुढ्यात आली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बाया म्हणाल्या, "बिचारा, बायकू सैपाक करत न्हाई वाटतं." आणि ज्या दोन घरांत खरंच गोवर होता, त्यांनी माझ्यासाठी शेजारच्या घरातून फोडणीची आमटी मागून आणली होती! मी ती भुरके मारत प्यायलो आणि वहीत लिहिलं, वाडी निरोगी. तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या आणि त्याच दोन घरांत चपला काढल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी चार दिवस ताकावर होतो.

दुसऱ्यांदा मी सरकारी डोकं चालवलं. लेखी आदेश काढला, सर्व गृहभेटी दुपारी दोन ते पाच या वेळेतच कराव्यात. कारण दिलं, ऊन. आत खरं कारण होतं, दुपारी चुली विझलेल्या असतात, बघू आता नाक काय करतं. बाईंनी आदेश वाचला, घडी घालून छत्रीत ठेवला, आणि दुपारी अडीचला जाऊन विचारायला लागल्या, "सकाळी कालवण काय केलं हुतं?"

तिसऱ्यांदा मात्र मला खरंच सापडला. बाई बैठकीला गेलेल्या, आणि एका वस्तीवरून आशाताईचा फोन आला की चार वर्षांच्या पोरीला ताप आहे आणि तोंडावर पुरळ आहे. मी गाडी अशी हाकली की घाटातली वळणं मला वाट द्यायला बाजूला झाली असतील. पोरीचा कान वळवला, कानामागं पुरळ! मला आनंद झाला. एका तापलेल्या पोरीच्या कानामागं लाल ठिपके बघून मला आनंद झाला, हे मी आज लिहून ठेवतो. रक्त काढलं, नळी भरली, आणि लशीच्या डब्यात दगडासारख्या गोठलेल्या बर्फाच्या पाकिटांमध्ये खुपसली. त्याच वेगानं प्रयोगशाळेकडं रवाना केली. रकान्यात माझं नाव, ठळक अक्षरांत.

उलट टपाली निरोप आला, नमुना नाकारला. रक्त फुटलं आहे. पुन्हा घ्यावा.

पोर जगलीवाचली, सुखरूप आहे. पण दुसऱ्यांदा सुई घेऊन तिच्या घरी जायची वेळ आली तेव्हा मी बाईंना बरोबर नेलं. पोरीच्या आजीनं दारातच गाठलं. "परत रगात? आन् पयल्याचं काय क्येलं?"

मी काही बोलण्याआधीच बाई म्हणाल्या, "पयलं वाटंत बिघडलं, आजी. वाट लई वाईट हाय." आणि मग घरातलं तांदळाचं माप मागून घेतलं. पोरीचं रक्त काढलं, नळी त्या तांदळात उभी रोवली आणि अर्धा तास तिच्यापुढं मांडी घालून बसल्या. कुणी मोठ्यानं बोललं तरी डोळे वटारायच्या.

"चला की बाई," मी म्हणालो.

"रगताला बसाय येळ द्यावा लागतू, साहेब. साकळलं की मंग न्यायचं. आन् बर्फाला घाम फुटल्याबिगर डब्यात घ्याचा न्हाई. कोरडा बर्फ लई रागीट. त्यानं रगत गोठतं, आन् फुटतं."

हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. येताना एसटीत तो डबा बाईंनी मांडीवर घेतला, तान्हं बाळ घ्यावं तसा, खड्डा आला की वर उचलून धरत. निकाल आला, गोवर. रकान्यात नाव आलं आशाताईचं, कारण फोन तिनं केला होता, असं बाईंनी नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. त्या वस्तीत माझं नाव पडलं, रगात सांडणारा डाक्तर. अजून तेच आहे.

आता खरी गोष्ट. माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे तिच्या लशीला अजून महिना होता. सारोळ्याला एका लग्नाला बायको आणि आई तिला घेऊन गेल्या होत्या. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तिला ताप आला. नाक वाहायला लागलं. मी म्हणालो, दात येतायत. डोळे लाल झाले. म्हणालो, चोळते. मग अंगावर पुरळ आलं. मी म्हणालो, औषधाची ॲलर्जी, औषध बदललं. बायको विचारात पडली. पण नवरा तालुक्याच्या साथी बघणारा डॉक्टर, तिनं विश्वास ठेवला. आई उठून आत गेली. बाळाची झोळी तिनं मधल्या अंधाऱ्या खोलीत बांधली. मी म्हणालो, छान, तिथं गारवा आहे.

त्याच आठवड्यात घरचं जेवण अळणी व्हायला लागलं. वरण पांढरं, भाजी उकडलेली. मी दोन दिवस खालमानेनं गिळलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की गेल्या महिन्यात माझं ब्लडप्रेशर थोडं वाढलं होतं ते आईनं मनाला लावून घेतलेलं दिसतंय. मला भरून आलं. मी म्हणालो, "आई, किती काळजी करतेस गं माझी." आई पातेलं पुढं ओढत म्हणाली, "भात घे अजून."

रविवारी सकाळी, दहा वाजता, दारात काळी छत्री उभी. बाई! घाटातून, दोन एसट्या बदलून. हातात तांदळाची पिशवी. "नवा तांदूळ आलाय, म्हनलं आईंना द्यावा." आजवर त्यांनी मला चहासुद्धा विचारला नव्हता, आणि आज तांदूळ? बायको पाणी आणायला वळली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाईंनी छत्री मिटली, नाक जरासं वर केलं आणि विचारलं,

"कालवण काय केलंय आज?"

आई खाली बघायला लागली.

मग मीच पुढं झालो. आणि बघा, माणूस स्वतःचा गळा किती अभिमानानं कापतो. मी हसत, मोठ्यानं, शेजारच्या आळीला ऐकू जावं असं म्हणालो, "बिनफोडणीचं वरण, बाई! आज चार दिवस घरात फोडणी नाही. माझ्या तब्येतीसाठी!"

माझे शब्द समोरच्या भिंतीवर आपटून परत माझ्याच कानात आले. बाईंनी चपला काढल्या.

मधल्या खोलीचं दार त्यांनी उघडलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. झोळीत बाळानं उजेडाकडं पाठ केली. बाईंनी तिचा एवढासा कान पुढं वळवला. मला बघायची गरज उरली नव्हती, पण मी बघितलं. कानामागून सुरू झालेलं, मानेवरून उतरत छातीपर्यंत गेलेलं. शंभर पोरांचं बघितलेलं. बाईंनी बाळाचं झबलं वर करून छातीकडं नजर लावली आणि मनगटावरच्या घड्याळात पुरं एक मिनिट श्वास मोजले. तेवढ्या एका मिनिटात मी किती देवांना नवस बोललो ते देवांनाच माहीत.

"पन्नासाच्या आत हाय," त्या म्हणाल्या. "छाती अजून धड हाय. दूध पितीया?"

"पितेय," बायको म्हणाली. आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार? दात येतायत?

"साहेब, तुमी काढता रगत, का म्या काढू?"

मी सिरिंज हातात घेतली. सुईचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, हळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, आणि म्हणाल्या, "तुमी पोरगी धरा. तुमच्याकडं गप ऱ्हाईल."

माझ्याकडं ती गप राहिली नाही. पण मी धरली. आईनं न सांगताच तांदळाचं माप आणून ठेवलं. नळी त्यात उभी राहिली आणि आम्ही पाचही जण त्या नळीपुढं अर्धा तास बसलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब अर्धा तास. मी कुठलीच घाई केली नाही. बर्फाला घाम फुटायची वाट मी स्वतः, बोटानं चाचपून बघितली.

पिवळं औषध त्या दिवशी बाईंनी दिलं. दुसऱ्या दिवशीचं मी देणार होतो, घरचाच डॉक्टर. सोमवारी सकाळी पुन्हा छत्री दारात. "बाटली संशयित," एवढंच म्हणाल्या.

निकाल आला, गोवर. बाळाला पुढं दोन दिवस खोकल्यानं छळलं, आम्ही तिघं पाळीपाळीनं श्वास मोजत बसायचो, पण पन्नासाच्या वर आकडा गेला नाही. आठवड्यानं ती हसायला लागली. आईनं तिला कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, आणि दुपारी घरात तेल कडकडलं, मोहरी तडतडली. मी आयुष्यात एवढा मोठ्यानं कधी शिंकलो नाही. त्या शिंकेत अर्धं रडणं होतं, पण शिंकेत लपतं.

बाईंनी भरलेला कागद मी बघितला. "कळवणाऱ्याचं नाव" या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, घरातील व्यक्ती. माझं नाव नाही, त्यांचंही नाही. मला वाटलं, माझी अब्रू झाकली. डॉक्टरच्याच घरातला गोवर डॉक्टरला दिसला नाही, हे तालुक्यात जाऊ नये म्हणून त्या मोठ्या मनाच्या बाईनं स्वतःचं श्रेय सोडलं. आणि खरं सांगू? त्याचाही मला हेवा वाटला. नाक तर नाकच, वर मनही एवढं मोठं! एखाद्याला सगळंच कसं काय मिळतं?

त्यानंतर मी बाईंची गोष्ट जिथं तिथं सांगायला लागलो. सांगताना ती वाढत गेली. पहिल्यांदा त्यांना आमच्या गल्लीच्या तोंडाशी वास आला होता. मग एसटी स्टँडवर आला. मग भोरच्या वेशीबाहेर. त्या निवृत्त झाल्या तेव्हाच्या निरोप समारंभात तर मी भाषणच ठोकलं. सांगितलं, त्या रविवारी बाई घाटात आपल्या क्वार्टरमध्ये फोडणी टाकत होत्या. वारा भोराकडून आला. बाईंनी झारा थांबवला, नाक वर केलं आणि म्हणाल्या, डोंगरापलीकडं एका घरात आज मोहरी तडतडली नाही! सभागृह हसून लोळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाया डोळे पुसायला लागल्या. माझी आई पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर नात. तीही हसत होती. सत्कार बाईंचा होता, भाषण माझं होतं, आणि तरीही शेवटी सगळे उठून गेले ते बाईंच्या पाया पडायला. माझ्याकडं फक्त माईकवाला आला, माईक परत मागायला.

गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं व्हरांड्यात चहा घेत उभे होतो. बाईंनी शाल-नारळ पिशवीत कोंबला होता आणि छत्री काखोटीला मारली होती. दुपारची एसटी संशयित होती. माझ्या मनात इतकी वर्षं अडकलेलं मी शेवटी विचारलं. "बाई, आता सरकारही नाही आणि साहेबही नाही. खरं सांगा. माझ्या घरचा वास तुम्हाला तेवढ्या लांबून लागला तरी कसा?"

बाईंनी लवंग या दाढेतून त्या दाढेत घेतली.

"वास कुठला, साहेब. तुमच्या आईंचा फोन आला हुता."